तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय हवं असेल तर: पहिल्या ठरावापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

तालुक्याला मोठं सरकारी रुग्णालय हवं, ही मागणी दर निवडणुकीत निघते आणि अधूनमधून पूर्णही होते. भूमिपूजन होतं, इमारत उभी राहते, फीत कापली जाते. तरीही सिझेरियनची वेळ आली की बाई गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते, कारण शस्त्रक्रियागृह आहे पण भूलतज्ज्ञ नाही. लोकांनी इमारत मागितली होती. ती त्यांना मिळाली.

सार्वजनिक आरोग्य विभागाचं ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयालाही यातलं बरंचसं लागू पडेल. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा: रुग्णालयाच्या दोन फायली असतात, एक बांधकामाची आणि दुसरी पदांची. पहिलीच्या मागे आमदार, ठेकेदार, वर्तमानपत्रं असे सगळेच असतात. दुसरीला कुणी वाली नसतो. गावकऱ्यांच्या समितीचं खरं काम या दुसऱ्या फायलीमागे लागण्याचं आहे.

आधी मोजा, मग मागा

निवेदनात "तालुक्यातील जनतेची अत्यंत गैरसोय होत आहे" असं लिहिलं की ते फायलीत जातं आणि तिथेच राहतं. त्याऐवजी एका पानाचा तक्ता जोडा. गेल्या वर्षभरात तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि ग्रामीण रुग्णालयातून किती रुग्ण पुढे पाठवले, कशासाठी पाठवले आणि ते पोहोचले कुठे? संदर्भसेवेची नोंदवही प्रत्येक केंद्रात असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून नुसते आकडे मागा, नावं मागू नका. रुग्णाची ओळख बाहेर येता कामा नये. बाळंतपणं, सर्पदंश, विषबाधा, अपघात, कमी वजनाची बाळं, डायलिसिस असे रकाने पाडा. रुग्ण १०८ ने गेला की खासगी जीपने, हे आशाताईंना विचारा. हा तक्ता तयार झाला की नेमकी कोणती सेवा मागायची ते आपोआप दिसतं. काही तालुक्यांत गरज शंभर खाटांची नसते, रक्त साठवणूक केंद्राची आणि चोवीस तास चालणाऱ्या प्रसूती विभागाची असते.

केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार (यांची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली) सपाट भागात सुमारे १,२०,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे एक ग्रामीण रुग्णालय धरलेलं आहे. तुमच्या तालुक्याचं गणित त्यावर तपासा. राज्यात नवी आरोग्य संस्था आरोग्य विभागाच्या बृहत् आराखड्यानुसार (कुठे कोणती संस्था उभारायची याच्या आराखड्यानुसार) मंजूर होते. नाव त्यात नसेल तर "विशेष बाब" म्हणून मान्यता घ्यावी लागते. म्हणून शक्य असेल तिथे नव्या रुग्णालयाऐवजी असलेल्या ग्रामीण रुग्णालयाचं श्रेणीवर्धन, म्हणजे त्यालाच वरचा दर्जा, मागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा असते, काही पदं भरलेली असतात, लोकांना वाट माहीत असते. "नवीन" म्हणवून घेण्याची हौस पुढाऱ्यांना असते, रुग्णाला नसते.

समितीत कोण हवं

सर्वपक्षीय कृती समिती म्हणजे बहुधा प्रत्येक पक्षाचा एक माणूस आणि फोटोत पुढे उभं राहण्याची चढाओढ. पक्षांना बाहेर ठेवू नका, ते शक्यही नाही, पण कामाचा गट वेगळा असू द्या. त्यात एक-दोन आशा, एखादी निवृत्त परिचारिका, १०८ वरचा चालक, बचत गटाची कार्यकर्ती, डायलिसिसच्या रुग्णाच्या घरचं माणूस, व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि तालुक्याच्या अगदी टोकाच्या पाड्यावरचा किंवा वस्तीवरचा कुणीतरी हवा. सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेला अभियंता गावात असेल तर त्याला घरी जाऊन बोलवा. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) वाचता येणारा माणूस दहा भाषणं करणाऱ्यांपेक्षा उपयोगी पडतो. गावातल्या खासगी डॉक्टरांशीही बोला. काहींना नवं रुग्णालय स्पर्धा वाटेल. पण पुढे आठवड्यातून दोन दिवस मानधनावर यायला तयार होणारे तज्ज्ञही त्यांच्यातूनच मिळतात.

बैठका पेरणी-काढणीच्या दिवसांत ठेवू नका. बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारची घ्या, आणि माईकशिवाय घ्या. प्रसूती कक्षात नर्स काय बोलते, स्वच्छतागृहाला कडी आहे का, सोबत आलेल्या सासूला रात्री कुठे झोपवतात, या गोष्टी मिश्र सभेत निघत नाहीत. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा आणि पुढच्या बैठकीत ते वाचून सुरुवात करा. कंटाळवाणं आहे, पण त्यामुळेच "असं ठरलंच नव्हतं" म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

ठरावासाठी ग्रामसभा वापरा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना गावोगावी ग्रामसभा ठरलेल्या असतात. तालुक्यातल्या बहुतेक गावांचे एकाच मजकुराचे ठराव एकाच महिन्यात झाले तर जिल्हा शल्यचिकित्सकांना प्रस्ताव पुढे रेटायला आधार मिळतो. त्यांच्याकडून तो आरोग्य उपसंचालकांकडे आणि पुढे मंत्रालयात जातो. प्रत्येक टप्प्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख एका वहीत टिपून ठेवा.

जागा: भांडण इथेच होतं

दोन मोठी गावं असली की दोघांनाही रुग्णालय आपल्याच वेशीत हवं असतं. यावर उपाय एकच: जागेचे निकष जागेची नावं पुढे येण्याआधी ठरवा आणि त्यावर सह्या घ्या. बारमाही रस्ता, एसटी थांब्यापासूनचं चालण्याचं अंतर, पुराची रेषा, पाण्याचा स्रोत, वीज उपकेंद्र, पुढच्या विस्ताराला मोकळी जागा, सातबारा निर्वेध असणं. मग प्रत्येक जागेला त्याच मापाने गुण द्या. हरलेल्या गावाची नाराजी राहतेच, पण हिशेब उघडा असला की ती कोर्टापर्यंत जात नाही.

कुणी जमीन दान देत असेल तर तोंडी शब्दावर थांबू नका. नोंदणीकृत बक्षीसपत्र, मोजणी आणि फेरफार झाल्याशिवाय जागा मिळाली असं म्हणायचं नाही. दात्याची जमीन ओढ्याकाठची निघते आणि तिच्या शेजारी त्याचेच प्लॉट विक्रीला असतात, हेही डोळे उघडे ठेवून बघा. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. जागेवर अतिक्रमण असलेली कुटुंबं असतील तर त्यांचं काय करायचं हे आधी ठरवा.

जंगलपट्ट्यातल्या तालुक्यांना एक तरतूद ठाऊक असावी. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार दवाखाना किंवा रुग्णालयासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. अट अशी की हेक्टरी ७५ हून अधिक झाडं तोडावी लागू नयेत. शंभर खाटांना एवढी जागा पुरणार नाही, पण छोट्या संस्थेला पुरते.

नकाशा जमिनीवर उतरवा

सगळ्या प्रक्रियेत लोकसहभागाला खरा अर्थ येतो तो इथे, आणि नेमकं इथेच लोकांना विचारलं जात नाही. नकाशा मंजूर होईपर्यंत एकेक भिंत हलवायला फक्त खोडरबर लागतं. नंतर तीच भिंत हलवायला सुधारित अंदाजपत्रक लागतं.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठी इमारत परकी वाटते, आमच्या गावासारख्या झोपड्या हव्यात, नातेवाइकांना सोबत राहता यावं, असं उत्तर आलं. संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना तसाच बांधला गेला आणि त्याला लोकांच्या देवीचं, मा दंतेश्वरीचं नाव दिलं. सरकारी नकाशात झोपड्या बसणार नाहीत, हे मान्य. पण विचारायला कुठल्याही शासन निर्णयाची आडकाठी नाही.

कागदावरचा नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही, आणि तसं कबूल करायला लोक लाजतात. म्हणून वास्तुविशारदाचा (आर्किटेक्टचा) कच्चा आराखडा हातात आला की शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने तो खऱ्या मापात आखा. सगळी इमारत नको. अपघात कक्ष, प्रसूती कक्ष, शस्त्रक्रियागृह, नवजात कक्ष आणि त्यांना जोडणारा मार्ग एवढं पुरे. जुन्या रुग्णालयातून एक स्ट्रेचर आणा, त्यावर कुणाला तरी झोपवा आणि नर्सताईंना म्हणा, रुग्णवाहिकेपासून न्या. मार्गिका २.४ मीटर रुंद हवी असं कागदावर वाचणं वेगळं आणि समोरून दुसरं स्ट्रेचर आल्यावर चुन्याची रेघ ओलांडली जाते की नाही हे बघणं वेगळं. वळणावर स्ट्रेचरचं डोकं कुठे अडतं, सलाईनची बाटली धरणारा कुठे उभा राहणार, बाळाला घेऊन नर्स किती पावलं पळणार, हे तासाभरात दिसतं. सफाई कामगाराला विचारा, घाण कपड्यांची गाडी कुठून जाईल? जेवणाच्याच वाटेने जात असेल तर तो लगेच सांगेल. अभियंत्यांना आवर्जून बोलवा. ते आले की निम्मे बदल जागेवरच मान्य होतात.

या फेरीत हमखास निघणारे मुद्दे असे. नातेवाइकांना रात्री झोपायला, स्वयंपाकाला आणि कपडे वाळत घालायला जागा. नसेल तर व्हरांड्यात चुली पेटतात आणि जिन्यात साड्या वाळतात. व्हीलचेअरसाठीचा उतार (रॅम्प) १:१२ पेक्षा चढा नको, आणि तो मागच्या दाराशी नको. स्त्रियांची स्वच्छतागृहं पुरुषांपेक्षा जास्त, काही भारतीय, काही कमोडची. आदिवासी भागात पाट्यांवर चित्रं. शवागाराकडे जाणारा रस्ता प्रसूती विभागासमोरून जाऊ नये, हे तर बहुतेक सभांत पहिल्याच बाईने सांगितलेलं असतं.

पाण्याचं गणित लोकांसमोर मांडा. शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला खाटेमागे रोज ३४० लिटर पाणी धरतात. म्हणजे ५० खाटांना १७,००० लिटर, आणि दोन दिवसांचा साठा म्हणजे ३४,००० लिटर. आगीसाठीचं पाणी त्याहून वेगळं. एप्रिल-मे महिन्यांत ते कुठून येणार? दिवाळीत घेतलेली बोअरची चाचणी ग्राह्य धरू नका.

आणि आग. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्यामुळे दुसरं दार, विजेचा भार, धूर ओळखणारी यंत्रणा हे विषय "तांत्रिक आहेत, तुम्हाला कळणार नाहीत" म्हणून कुणी बाजूला सारू लागलं तर सारू देऊ नका. नवजात कक्षाला बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, एवढं विचारायला अभियंता असावं लागत नाही.

पैसा आणि पदं

प्रशासकीय मान्यता मिळाली की पेढे वाटले जातात. थांबा. मान्यता म्हणजे तरतूद नव्हे. अर्थसंकल्पात त्या कामासमोर किती रक्कम आहे ते बघा. कधी कधी नावापुरती टोकन तरतूद असते. पुरेशी नसेल तर पुरवणी मागण्यांत घालून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आमदारांना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी गाठावं लागतं, अधिवेशन सुरू झाल्यावर नाही. प्रशासकीय मान्यतेनंतर तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा क्रम असतो. अंदाजपत्रकात निवासस्थानं, विद्युत काम, सांडपाणी प्रक्रिया, संरक्षक भिंत, आतला रस्ता आणि फर्निचर धरलं आहे का ते ओळ न ओळ तपासा. "टप्पा दोन" मध्ये ढकललेली निवासस्थानं सहसा टप्पा दोनमध्येही होत नाहीत, आणि मग रात्रपाळीची नर्स तीस किलोमीटरवरून ये-जा करते.

आता ती दुसरी फाईल. खाटा वाढल्या म्हणून पदं आपोआप वाढत नाहीत. वाढीव आकृतिबंध (कोणती पदं किती, याचा तक्ता) मंजूर व्हावा लागतो, त्याला वित्त विभागाची संमती लागते, आणि मग भरती. हा प्रवास बांधकामाइतकाच लांब असू शकतो, म्हणून तो बांधकामाच्या बरोबरीने सुरू व्हायला हवा. भूमिपूजनाच्या दिवशीच समितीने पदनिर्मितीच्या प्रस्तावाचा क्रमांक जाहीर सभेत विचारावा. मंचावरची मंडळी अस्वस्थ होतील. होऊ द्या.

सगळ्याच पदांसाठी एकाच वेळी भांडू नका. तातडीची प्रसूती आणि सिझेरियन चोवीस तास व्हायचं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे तिघं आणि जवळच रक्ताची सोय लागते. तिघांतला एक नसला की उरलेल्या दोघांचा पगार चालू राहतो आणि बाई पुढे पाठवली जाते. म्हणून मागणी "तीन तज्ज्ञ, रक्त साठवणूक केंद्र आणि पुरेशा अधिपरिचारिका" अशी नेमकी ठेवा. कायम पद भरेपर्यंत राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी किंवा प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन देऊन भूलतज्ज्ञ बोलावण्याची सोय असते. ती पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

तज्ज्ञ टिकतात कशावर, याचा विचार गावानेही करावा. चांगलं घर, मुलांची शाळा, आणि रुग्ण दगावल्यावर अंगावर धावून न येणारा जमाव. तिसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे.

बांधकाम चालू असताना

दीड-दोन वर्षं लोकांचा उत्साह टिकवणं अवघड. त्यासाठी भाषणं नकोत, ठरलेली फेरी हवी. महिन्याच्या एका ठरावीक बाजाराच्या दिवशी समितीने जागेवर जायचं, अभियंत्याला भेटायचं आणि त्याच दिवशी बाजारतळावरच्या फळ्यावर तीन ओळी लिहायच्या: या महिन्यात काय झालं, काय अडलं, कुणाकडे अडलं. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर. "कुणाकडे" ही ओळ सगळ्यात परिणामकारक असते, म्हणून तिथे फक्त कागदाने सिद्ध होणारं लिहा.

कामाचा फलक बाहेर लागला आहे का, त्यावर रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी (दोष निघाले तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) आहे का, हे बघा. नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. या कायद्याचा एक भाग फार कमी लोक वापरतात: कागदांच्या प्रतींबरोबरच चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क त्यात आहे. मात्र जाता-येता मजुरांना दमात घेणं, व्हिडिओ काढून धमकावणं, ठेकेदाराकडून "वर्गणी" मागणं असलं काही समितीच्या नावावर झालं की सगळं संपतं. अशा माणसाला त्याच आठवड्यात बाहेर काढा.

याच काळात परवान्यांची यादी पुढे सरकते ना ते विचारत राहा. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि कचरा नेणाऱ्या सामायिक केंद्राशी करार, एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी, सोनोग्राफीची नोंदणी, लिफ्ट, आणि अग्निशमन. यातला एक कागद राहिला तर यंत्र खोक्यातच राहतं.

जुन्यातून नव्यात

लोकार्पणासाठी मंत्र्यांची तारीख मिळत नाही म्हणून तयार इमारत बंद पडून राहते, हा आपल्याकडचा लाडका प्रकार. त्यावर तोड म्हणजे बाह्यरुग्ण विभाग आधी सुरू करायची लेखी मागणी करणं आणि सोहळा नंतर कितीही थाटात करू देणं.

स्थलांतर एका दिवसात करू नका. आधी बाह्यरुग्ण, मग प्रयोगशाळा आणि औषध भांडार, मग वॉर्ड, शेवटी प्रसूती आणि शस्त्रक्रिया. रात्रीची एक रंगीत तालीम घ्या: वीज घालवा, जनरेटर किती वेळात भार घेतो ते बघा, ऑक्सिजनचा दाब बघा, नवजात कक्ष रिकामा करून दाखवायला सांगा. १०८ च्या चालकांना नवं प्रवेशद्वार प्रत्यक्ष दाखवा. जुनं रुग्णालय कुठल्या तारखेपासून बंद, हे दवंडी, आठवडी बाजार, एसटी स्टँड आणि शाळेच्या मुलांमार्फत सांगा. रात्री दोन वाजता बंद दाराशी येऊन थांबणारी जीप टाळायची आहे.

पहिलं वर्ष

रुग्णालय चालू झालं की कृती समिती विसर्जित होते. तसं होऊ द्यायचं नाही. तिने रुग्णालयाच्याच रुग्ण कल्याण समितीच्या मागे उभं राहायचं. कायदेशीर व्यासपीठ तेच आहे. तिथे सामाजिक प्रतिनिधी म्हणून कोण आहे, बैठक शेवटची कधी झाली, अबंधित निधी (ठरावीक कामाला न बांधलेला पैसा) कशावर खर्च झाला, हे विचारा आणि खर्चाचा तक्ता दर्शनी भागात लावायला सांगा. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. तरीही कुठे बाहेरून औषधं लिहून दिली जात असतील तर चिठ्ठ्या जमवा, आरोप जमवू नका.

आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रात २००७ पासून झाला. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद हे सुरुवातीचे जिल्हे. गावकऱ्यांनी भरलेलं हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचं प्रगतिपत्रक आणि अधिकाऱ्यांसमोर होणारा जनसंवाद, ही त्यातली साधनं आजही बिनखर्चात वापरता येतात. वर्षातून दोनदा पुरे. त्यात तक्रारींइतकीच जागा कामाच्या नोंदीला द्या. रात्री तीनला सिझेरियन करून आई-बाळ वाचवणाऱ्या चमूचं कौतुक त्याच सभेत झालं, तर पुढच्या लाल खुणेचा राग येत नाही.

अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये लागतं. या दोन महिन्यांत रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे ते बघायला मागा.

राहिला पहिला पावसाळा. जूनच्या जोरदार पावसानंतर तीन-चार जणांनी छतापासून तळघरापर्यंत फिरून गळती, ओल, तुंबलेली गटारं, उखडलेल्या फरश्या आणि विजेच्या पॅनेलजवळचं पाणी खोलीनिहाय टिपायचं, तारखेसह फोटो काढायचे, आणि ती यादी अधीक्षकांच्या सहीने बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडे देऊन पोच घ्यायची. दोषदायित्व कालावधी संपायच्या आत ती पोहोचली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. नंतर पोहोचली तर नवं अंदाजपत्रक निघतं.